दोन चमचे सल्ला

“वर काय ठरलं?” सासूबाईंपुढे चहा ठेवत धाकटीने विचारलं, आणि आपल्याला त्यात मुळीच रस नाही हे दाखवायला ती ओटा पुसू लागली. ओटा आधीच पुसलेला होता.

सासूबाईंनी घोट घेतला आणि कप खाली ठेवला. “डॉक्टरांनी साखर बंद केलीय ते ठीक आहे. पण नुसत्या कडू पाण्यावर माझी आठवण काही चालत नाही बाई.”

धाकटीने दाराकडे पाहिलं, डबा उघडला आणि एक चमचा साखर कपात सोडली.

“हां. वर ना, पब्लिक पॉलिसीचं चाललंय.”

“पब्लिक पॉलिसी? नक्की?”

“नक्की आठवत नाहीये.”

दुसरा चमचा पडला.

“नक्की,” सासूबाई म्हणाल्या. “छकुली पॉलिसीच घेणार. पुढचं सगळं जग त्याच्यावरच चालणार आहे म्हणे.”

धाकटीच्या हातातलं फडकं जागीच थांबलं.

घर एकच, मजले दोन. वर थोरली जाऊ, खाली धाकटी, आणि सासूबाई सकाळचा चहा वर, दुपारचा खाली. दोघींना एकेक मुलगी, दोघी एकाच वर्गात. थोरलीची छकुली तीन महिन्यांनी मोठी, आणि तीन महिन्यांची ती आघाडी तिने जन्मात सोडली नव्हती. आधी दात तिला आले, आधी सायकल तिला जमली. चष्मासुद्धा आधी तिलाच लागला. तेव्हा धाकटीने आपल्या चिमीला तातडीने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं, आणि “नजर अगदी स्वच्छ आहे” हे ऐकून हिरमुसून घरी आली होती.

आता दोघी मुली विद्यापीठाच्या दारात उभ्या होत्या. दोघींना पुढे कन्सल्टन्सीत नाहीतर धोरणं ठरवणाऱ्या एखाद्या संस्थेत जायचं होतं. त्यासाठी पदवी कुठली घ्यायची, एवढाच प्रश्न होता. धाकटीने चिमीसाठी अर्थशास्त्र पक्कं केलं होतं, कारण ते नुसतं सांगितलं तरी ऐकणाऱ्याचा चेहरा बदलतो. चिमीच्या डोक्यात मात्र पॉलिसी, म्हणजे सरकारी धोरणांचा अभ्यास. कोपऱ्यावरचा बसथांबा कुणीतरी उचलून चढाच्या वर नेला आणि म्हातारी माणसं धापा टाकत जाऊ लागली, तेव्हापासून तिने एकच धोशा लावला होता, “पण हे ठरवतं कोण?” धाकटीने ते कधीच निकालात काढलं होतं. “नुसती भाषणं ती! त्याला पगार कोण देणार?”

पण वरची घेत असेल, तर त्यात काहीतरी असणारच.

संध्याकाळी नवऱ्याने मोज्यातून पाय काढता काढता विचारलं, “हे कन्सल्टंट नक्की करतात काय गं?”

“लोकांकडे जाऊन बसतात, तुमचं काय चुकतंय ते सांगतात आणि त्याची फी घेतात.”

“मग आमच्या आईने आजवर फुकटच केलं म्हणायचं.”

यावर धाकटी हसली. पुढे तिला हे हसणं महागात पडणार होतं.

जेवताना तिने जाहीर केलं, “चिमे, तू पॉलिसी घ्यायचीस.”

चिमीचा घास हातातच राहिला. “अगं, पण तूच म्हणालीस ना, नुसती भाषणं म्हणून?”

“मी? मी असं कशाला म्हणेन?”

चिमीने मान खाली घातली. पोरगी दुखावली, असं वाटून धाकटीचा जीव कळवळला. तिने तिच्या पानात हळूच जास्तीचं वाढलं. तरी हट्ट सोडला नाही.

दुसऱ्या दुपारी दोन चमच्यांत कळलं, की छकुली जोडीला समाजशास्त्र घेतेय. चिमीच्या अर्जातही समाजशास्त्र गेलं. तिसऱ्या दुपारी सासूबाईंनी कपाकडे बराच वेळ नुसतं बघितलं. धाकटीने न सांगताच डबा उघडला.

“छकुली होस्टेलवर राहणार,” सासूबाई म्हणाल्या.

“होस्टेल? अहो आई, विद्यापीठ इथून बसने अर्ध्या तासावर आहे!”

“थोरली म्हणते, घरी राहून मुलींचा आत्मविश्वास वाढत नाही.”

धाकटी मटकन खुर्चीत बसली. चिमी अजून झोपताना पांघरुणातून एक पाय बाहेर काढते, तो आत कोण घेणार? सकाळी तीन हाका मारल्याशिवाय ती उठत नाही, तिथे कोण हाका मारणार? डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्यातूनच तिला दिसलं, की छकुली आत्मविश्वासाने ताडताड चाललीय आणि चिमी मागे राहिलीय.

“चिमे,” तिने रडव्या आवाजात हाक मारली, “होस्टेलचं पण टाक.”

चिमीने येऊन आईला घट्ट मिठी मारली. “आई, तू म्हणतेस म्हणून हं.” आणि अर्ज तिथल्या तिथे रवाना केला.

शनिवारी सासूबाईंना गरगरलं. दोघी जावा दोन बाजूंनी धरून त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी बोटातून थेंबभर रक्त घेतलं, यंत्राकडे पाहिलं, मग दोघींकडे पाहिलं. “साखर कोण देतं यांना?”

“आमच्याकडे बिनसाखरेचाच असतो चहा,” थोरली म्हणाली.

“आमच्याकडे तर चमचासुद्धा नसतो कपात,” धाकटी म्हणाली.

सासूबाई भिंतीवरचं हृदयाचं चित्र मन लावून पाहत होत्या.

बाहेर बाकावर सासूबाईंना मध्ये घेऊन औषधांची वाट बघताना धाकटीला राहवलं नाही. “ताई, छकुलीचं पॉलिसीचं छान झालं हं.”

“पॉलिसी? छे गं! ती अर्थशास्त्राला चाललीय. तुझ्या चिमीसारखीच!”

“चिमी पॉलिसीला चाललीय.”

“पण आई तर म्हणाल्या…”

थोरलीने घाबरत घाबरत विचारलं, “आणि होस्टेल?”

“ते तर तुमची छकुली जाणार म्हणून मी…”

“अगं, तुझी चिमी जाणार म्हणून मी!”

दोघींनी एकदम मधल्या बाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी पदर सारखा केला.

“खोली एकच मागितलीय पोरींनी,” त्या म्हणाल्या. “दोघी सांभाळून राहतील.”

“आई, तुम्ही आमच्याशी खोटं बोललात?”

“मी पोरींना विचारलं, तुम्हाला काय हवंय. तुम्ही दोघींनी मला विचारलंत, वर काय चाललंय आणि खाली काय चाललंय. ज्याने जे विचारलं, त्याला तसं उत्तर.”

चिमीची खाली घातलेली मान धाकटीला आठवली. ते लबाड कार्टं तेव्हा हसू लपवत होतं! तिला राग यायला हवा होता, पण त्याआधी तिलाच हसू आलं. मग एकदम काहीतरी सुचून ती थोरलीकडे झुकली.

“ताई, खरं सांगा. तुम्ही किती चमचे घालत होता?”

“तीन.”

धाकटी हिरमुसली. तीन! आणि आपण दोनच.

मुली होस्टेलवर गेल्या, त्या दुपारी दोन्ही मजले सारखेच सुनसान होते. थोरली आपणहून खाली आली, हातात स्वतःच्या घरचा चहा घेऊन. धाकटीनेही कप भरला. दोन्ही चहा बिनसाखरेचे, शेजारी शेजारी सासूबाईंपुढे.

“आता खरं सांगा हं आई,” धाकटी म्हणाली. “कुणाच्या हातचा जास्त चांगला?”

“अगदी मोकळेपणाने,” थोरली म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढून बसली.

सासूबाईंनी एक घोट या कपातला घेतला, एक घोट त्या कपातला घेतला. डोळे मिटून विचार केला.

“हे असं एका दिवसात नाही सांगता यायचं,” त्या म्हणाल्या. “आधी महिनाभर दोन्हीकडे नीट अभ्यास करावा लागेल. आणि सोबत काहीतरी खायला लागेल.”