काळी तार आणि टिल्ल्याची शेपूट

एका जंगलात टिल्ल्या नावाचं एक माकड होतं. अंगात मस्ती भरपूर, डोक्यात जागा कमी. कुणी पैज लावली की आधी 'हो' म्हणायचं आणि मग 'कसली?' विचारायचं, अशी त्याची पद्धत.

एक दिवस गुलबी साळुंकी म्हणाली, "टिल्ल्या, लावतो का पैज?"

"हो. कसली?"

"पाणवठ्यावरच्या तीन तारांतली एक काढून दाखव. नाय जमलं तर उद्यापासून स्वतःला ससा म्हणवून घ्यायचं."

आता पोरांनो, चुळबुळ करू नका, तारांचं नीट ऐका. पाणवठ्यावर उंबर होता. उंबरावर पत्र्याच्या दोन डब्या होत्या, एक वर, एक खाली. साळिंदरमावशीनं बसवून घेतलेल्या. खालच्या डबीत एक बारकासा सर्किट बोर्ड. त्याचा डोळा पाण्यात. मगर दिसली की वर कळवायचं, एवढंच त्याला येत होतं. वरच्या डबीत तळहाताएवढा कॉम्प्युटर. हा हुशार. खालच्यानं कळवलं की हा भोंग्यातून ओरडायचा, "मगर लांब, पाणी प्या!" नायतर, "मगर जवळ, मागं सरा!" अख्खं जंगल त्या भोंग्याच्या भरवशावर पाणी प्यायचं.

पिवळी तार खालच्याच्या तोंडातून निघून वरच्याच्या कानात जायची. हिरवी तार वरच्याच्या तोंडातून खालच्याच्या कानात. तिसरी काळी. ती कधी अवाक्षर बोलायची नाही.

टिल्ल्यानं विचार केला. हसू नका, खरंच केला. बोलणारी काढली तर लगेच सापडू. ही काळी नुसती पडून असते, हिच्यावाचून कुणाचं काय अडतंय? त्यानं ती उपटली, गुंडाळली आणि गालात कोंबली. माकडाच्या गालात काय काय मावतं तुम्हाला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरणं पाण्यावर आली. भोंगा म्हणाला, "म्ग्र्र ळ्ळ ठ्ठप् फुस्स!"

हरणं जी पळाली ती थेट टेकडीवर.

सरपंच अस्वलानं सभा बोलावली. "मावशी, हे काय?"

"मला झाडावर चढता येत नाय, सरपंच. कुणीतरी वर जाऊन बघा, मी खालून सांगते."

"छे छे," कोल्हेसाहेब म्हणाले. कोल्हेसाहेब शहराच्या कडेला राहून आले होते, म्हणून तज्ज्ञ. "ज्यांनी बिघडवलं त्यांनी बाजूला राहावं. मी बघतो."

सरपंचानं मान डोलावली. उद्या दुपारपर्यंत भोंगा सुधारला नाही तर मावशीनं जंगल सोडायचं, असं ठरलं.

कोल्हेसाहेबांनी भोंगा बदलला. फुस्स. मग म्हणाले, खालचा भरभर बोलतोय, वरचा हळू ऐकतोय. दोघांचा वेग बघितला, तर एकच निघाला. मग पिवळीच्या जागी हिरवी आणि हिरवीच्या जागी पिवळी लावली. आता तोंडाला तोंड आणि कानाला कान. भोंगा पार मुका झाला. मुकाट्यानं दोन्ही तारा परत होत्या तशा केल्या; तिसरी कुठंय, हे काही सुचलं नाही.

शेवटी साहेबांनी जाहीर केलं, "यंत्रात बिघाड नाही. यंत्र उच्च भाषेत बोलतंय. फुस्स म्हणजे मगर फुस्स झाली. प्या पाणी!"

एक भेकर तहानेनं कासावीस झालं होतं. ते गेलं. मगरही तिथंच होती. भेकर वाचलं, पण अर्धी शेपूट मगरीकडं राहिली.

ते टिल्ल्यानं बघितलं. तार हळूच परत लावावी म्हणून तो उंबरावर चढला. पण खाली अख्खी सभा वर बघत उभी! तो आपला गप वरच्या डबीवर बसला. भीतीनं शेपूट खाली लोंबली आणि खालच्या डबीला टेकली.

"मगर जवळ, मागं सरा!" भोंगा खणखणीत ओरडला.

टिल्ल्या दचकून उठला. भोंगा लगेच, "म्ग्र्र फुस्स."

परत बसला. "मगर जवळ, मागं सरा!"

"सापडलं!" कोल्हेसाहेब नाचायला लागले. "यंत्राला माकड कमी पडत होतं!"

झालं. टिल्ल्याला झेंडूचा हार घातला. त्याला शेपूट-अधिकारी नेमलं. हुकूम निघाला, दोन्ही डब्यांवरून अंग हलवायचं नाही.

पहिला तासभर मजा वाटली. मग कानाला खाज सुटली. खाजवायला वळला, शेपूट सुटली, भोंगा "ठ्ठप्" म्हणाला, आणि खालून अख्खं जंगल ओरडलं, "ए टिल्ल्या, शेपूट!"

गुलबी समोरच्या फांदीवर पिकलं उंबर खात बसली होती. "अधिकारीसाहेब, एक देऊ का?"

"हूं," टिल्ल्या म्हणाला. गालात तार, दुसरं काय म्हणणार?

रात्र कशी गेली ते विचारू नका. दुसऱ्या दिवशी दुपारी साळिंदरमावशी बोचकं घेऊन झाडाखाली आली. भोंगा सुधारला होता, पण माकडानं सुधारला होता. म्हणून तिला जावं लागणार होतं.

"टिल्ल्या, बाळा," ती वर बघत म्हणाली. तिला दिवसा धड दिसत नसे. "जाता जाता एकच सांग. दोन डब्यांच्या मधे किती लोंबतंय? दोन का तीन?"

टिल्ल्यानं बघितलं. पिवळी, हिरवी, आणि आपली शेपूट.

"तीन," तो म्हणाला. मोजणीत तरी खोटं नव्हतं.

मावशीचे काटे खाली झुकले. "मग माझंच चुकलं. मला वाटलं काळी निघाली असंल. काळी बोलत नाय रे, पण दोघांनी जिथनं मोजायचं ती जमीन एक करते. जमीनच एक नसली, तर एक काय बोलतो ते दुसऱ्याला कळत नाय. पण ती असूनही बिघडलं म्हंजे मला काय येतच नाय." तिनं बोचकं उचललं.

ती दहा पावलं गेली. अकराव्या पावलाला टिल्ल्यानं डबीवरून उडी मारली.

"म्ग्र्र फुस्स!" भोंगा बोंबलला.

"टिल्ल्या, शेपूट!" जंगल बोंबललं.

"शेपूट गेली खड्ड्यात!" टिल्ल्यानं गालात बोट घातलं आणि थुंकीनं भिजलेली काळी तार मावशीच्या पायाशी टाकली. "मावशे, मी काढली. पैजेवर. भेकराची शेपूट पण माझ्यामुळंच गेली. आता काय मारायचं ते मारा, पण मला परत तिथं बसवू नका!"

तात्पर्य: खरं बोलल्यानं मन हलकं होतं, असं मोठी माणसं सांगतात. असेल. पण आमचं ऐका. कधी चोरायचीच झाली तर बोलणारी वस्तू चोरा. बिनबोभाट काम करणाऱ्याला काढलंत, तर त्याच्या जागी स्वतः बसावं लागतं. आणि हो, तार लागली, मावशी राहिली, तरी शेपूट-अधिकारी हे पद काही रद्द झालं नाही. सध्या तिथं कोल्हेसाहेब आहेत. त्यांची शेपूट खालच्या डबीपर्यंत पोचत नाही, पण त्यानं काही बिघडत नाही.