सबनीस काकांचा हँडब्रेक

आमच्या सबनीस काकांच्या घरात कुकरला शिट्टी होत नसे. ती नुसती फुरफुरायला लागली की काका गॅस बंद करत. डाळ कडक राहिली तरी चालेल, पण "आपल्यामुळे कुणाला तकलीफ नको."

सरकारी नोकरी संपल्यावर दिल्लीतल्या सरोजिनी नगरचं क्वार्टर सोडून ते द्वारकेला, आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहायला आले. काकू क्वार्टरमध्ये असतानाच वारल्या होत्या. दुपारी जिना उतरताना काकांच्या चपला हातात असत. कुणाची बेल वाजवावीच लागली, तर आधी माफी मागत आणि मग काम सांगत.

तेव्हा सोसायटीत हप्त्यांवरच्या नव्या गाड्या पटापट येत होत्या आणि जागा होती तेवढीच. काकांनी आपली हक्काची जागा तळमजल्यावरच्या खन्नाजींच्या दुसऱ्या गाडीला देऊन टाकली आणि स्वतःची म्हातारी गाडी सगळ्यांच्या मागे आडवी लावू लागले. दिल्लीत अशी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवतात, हँडब्रेक लावत नाहीत. ज्याला निघायचं असेल तो ती ढकलतो आणि जातो. काकांनी त्यावरही कडी केली होती. मागच्या काचेवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती, 'कृपया निःसंकोच धक्का दें.' तसा हँडब्रेक नावालाच होता. मागच्या चाकातले ब्रेकचे शू इतके झिजले होते की तो ओढला तरी गाडी हलायची.

हा माणूस एका रविवारी भर दुपारी चाक काढून ड्रमवर धाडधाड हातोडी मारताना दिसला, तेव्हा माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. सगळ्या सोसायटीची झोपमोड झाली होती.

"काका, काय चाललंय?"

"हँडब्रेकचे शू बदलतोय. नवीन आणलेत."

"पण तुम्ही हँडब्रेक लावता कुठे?"

"आता लावणार," म्हणाले, आणि स्प्रिंग बसवू लागले.

सोमवारी सकाळी खाली हा गोंधळ. खन्नाजी आणि आणखी दोघं टाय खांद्यावर टाकून गाडी रेटत होते आणि ती तसूभर हलत नव्हती. चिठ्ठीही गायब होती.

"अंकलजी ने हैंडब्रेक लगा दी?" खन्नाजी अशा आवाजात म्हणाले, जणू काकांनी कुणाचा खून केला होता. खरं सांगतो, मीही तितकाच हबकलो होतो.

खन्नाजी तणतणत वर गेले आणि परत येईनात. उरलेल्यांनी मग मला पुढे केलं. "यार, आप भी मराठी हो, आप ही समझाओ."

वर दार सताड उघडं होतं. खन्नाजी सोफ्यावर बसून पोहे खात होते आणि गुडघ्याचं दुखणं सांगत होते. टेबलावर कपांची रांग मांडलेली. मी काही बोलायच्या आत काकांनी माझ्या हातातही बशी दिली.

मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. "काका, हे काय? कुणाला तकलीफ नको म्हणता ना?"

काका चहा गाळत राहिले. "अरे, गेल्या महिन्यात मला ताप होता. आठवडाभर खाली उतरलो नाही. खिडकीतून बघायचो. गाडी रोज ढकलली जायची, कधी इकडे, कधी तिकडे. कुणाला वर यायची गरजच पडली नाही." मग गाळणं बाजूला ठेवून म्हणाले, "सोय मीच करून ठेवली होती."

आम्ही त्यांच्या खालीच राहत होतो आणि आम्हाला पत्ताही नव्हता. मला फार वाईट वाटलं. चहा झाल्यावर काका किल्ली घेऊन खाली आले आणि एकेकाची माफी मागत त्यांनी गाडी हलवली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना मी आधी वर गेलो आणि बेल वाजवली.

"काका, गाडी जरा काढता का? मला निघायचंय."

काका माझ्याकडे बघत राहिले. माझ्याकडे स्कूटर आहे आणि ती कुठूनही निघते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"काढतो की," ते म्हणाले. "आधी बस. चहा टाकतो."