किटलीला आंघोळ

भांडं घासल्यामुळं कुणाचं वाईट झाल्याचं योरितनं कधी ऐकलं नव्हतं. उलट इटलीतल्या बोलोन्याला निघताना आईनं स्टेशनवर तीनदा बजावलं होतं, "लोकांच्या घरात राहशील तर आयतं बसून खाऊ नकोस. दिसेल त्या कामाला हात लाव." योरितनं हात लावला, तो नेमका ओर्नेल्लाबाईंच्या कॉफीच्या किटलीला.

तसा पोरगा गुणी. हॉलंडातल्या खेड्यातला, वय एकोणीस, उंची दाराच्या चौकटीपेक्षा दोन बोटं जास्त (कपाळावरचं टेंगूळ साक्षीला होतं). पूल बांधायचं शिक्षण घ्यायला आला होता. कॉलेज सोमवारी सुरू व्हायचं होतं. पण बोलोन्यात एक वेळ पूल बांधून होईल, राहायला खोली मिळणार नाही. पहिले चार दिवस त्यानं एका स्वस्त लॉजमध्ये आठ जणांच्या घोरण्यात काढले. पाचव्या दिवशी घरातली एक खोली भाड्यानं देणाऱ्या ओर्नेल्लाबाई भेटल्या.

"रविवारपर्यंत बघते," बाई म्हणाल्या. "घराला मानवलास तर सोमवारी चावी. नाही मानवलास तर बॅग उचलायची. तुझ्या आधीच्यानं माझ्या डोळ्यांदेखत लांब शेवया मोडून पातेल्यात टाकल्या. त्याच्या आधीची ओल्या केसांनी बाहेर गेली."

"मग?"

"मग काय, गेली ती गेलीच."

योरितनं त्या दिवसापासून केस धुणंच बंद केलं. शेवयांच्या पुड्याजवळून जाताना तर हात मागे बांधून जायचा.

शुक्रवार निभावला. शनिवारी सकाळी बाई बाजारात गेल्या आणि योरित स्वयंपाकघरात काम शोधायला लागला. सगळं लखलखीत. फक्त ओट्यावर ती किटली. खाली पाणी, मधे पूड, वर कॉफी, अशी तीन मजली. दांड्याचं टोक जळलेलं आणि आतून धुराड्यासारखी काळी. बिचाऱ्या बाईंचा या वयात आत हात पोचत नसेल, असं त्याच्या मनात आलं. (बाई चौपन्न वर्षांच्या होत्या. हे तो मोठ्यानं बोलला नाही, तेवढीच त्याची पुण्याई.)

त्यानं साबण घेतला, तारेची घासणी घेतली आणि अर्ध्या तासात किटली अशी काढली की तिच्यात त्याचं टेंगूळसुद्धा दिसायला लागलं.

अकरा वाजता समोरच्या दारातले ग्वाल्तिएरोकाका आले. बस चालवून रिटायर झालेले. त्यांची रोजची कॉफी ओर्नेल्लाबाईंकडेच. ते दारातच थांबले. ओट्यावर चकाकणारी किटली पाहिली आणि डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

"हे कुणी केलं?"

"मी," योरित म्हणाला. स्तुती ऐकायला तो जरा वाकलासुद्धा. "साबणानं."

"साबणानं," काका भिंतीला म्हणाले आणि स्टुलावर बसले. "अरे पोरा, किटलीला नुसतं पाणी दाखवायचं असतं. आतला काळा थर, तीच तर चव. ही ओर्नेल्लाच्या सासूनं लग्नात दिलेली किटली. एकतीस वर्षं साबणाचा थेंब लागला नव्हता तिला. आणि उद्या रविवार. उद्या सासू जेवायला येणार आणि याच किटलीतली कॉफी पिणार."

योरितला आपली बॅग एकटीच जिना उतरताना दिसली.

"मी अशीच नवी आणतो."

"नव्या किटलीचा दांडा जळका मिळतो का?"

नाही म्हटलं तरी काकांना दया आली. म्हणाले, "एकच उपाय. थर परत चढवायचा. कॉफी करायची, ओतायची, परत करायची. बाईला यायला तास आहे. लाव गॅस. बारीक, बारीक ठेव. काय पूल जाळायला निघालास?"

पहिल्या कॉफीला लिंबाचा वास आला, कारण साबण लिंबाचा होता. योरित ती मोरीत ओतायला गेला तर काकांनी मनगटच धरलं.

"कॉफी मोरीत? तुमच्याकडे चालत असेल."

"मग काय करू?"

"प्यायची. मला डॉक्टरनं दिवसाला एकच सांगितलीय."

म्हणजे उरलेली सगळी योरितच्या पोटात. चौथ्या वेळेला डबा संपला, काकांनी घरून पूड आणली. सहाव्या वेळेला योरित न विचारता पुलांबद्दल बोलायला लागला. आठव्या वेळेला टेबलाखाली त्याचा गुडघा आपणहून ताशा वाजवत होता. नववी कॉफी वर येत होती आणि ओर्नेल्लाबाई दारात उभ्या.

"खालच्या मजल्यापासून वास येतोय," त्या म्हणाल्या. "कुणाच्या मयताची माणसं जमलीत?"

"मी किटली साबणानं घासली तारेच्या घासणीनं आतूनसुद्धा काकांचा काही दोष नाही मी बॅग भरतो," योरित एका दमात म्हणाला. (इतकी सफाईदार इटालियन त्याला आधी कधी आली नव्हती. पोटातल्या कॉफ्यांचा गुण.)

बाईंनी पिशव्या खाली ठेवल्या. किटली उचलून आत बघितलं. मग जाऊन दाराला कडी लावली. काका टोपीकडे बघायला लागले.

बाईंनी नववी कॉफी कपात ओतली, एक घोट घेतला आणि डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत. योरितनं मनातल्या मनात लॉजचा जिना चढायला सुरुवात केली.

"एकतीस वर्षं," बाई हळू म्हणाल्या. "एकतीस वर्षं मी तो कडू काढा गिळतेय. रोज वाटायचं, एकदा साबण लावावा. पण सासूबाई दर रविवारी आत बोट घालून बघतात. ग्वाल्तिएरो, तू काही पाहिलं नाहीस."

"मी तर अजून आलोच नाही," काका म्हणाले.

"आणि तू ऐक. उद्या त्यांनी बोट घातलं की उभं राहायचं आणि सांगायचं, हे मी केलं, बाई बाजारात होत्या. तेवढं केलंस तर चावी तुझी."

त्या दिवशी योरितनं ते वाक्य दोनशे वेळा म्हटलं. बोट, उठायचं, बोलायचं. बोट, उठायचं, बोलायचं.

रविवारी अर्जियाआजी आल्या. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, काठीपेक्षा ताठ. जेवण झालं, कॉफी झाली. आजींनी किटलीत बोट घातलं, बोट बघितलं. त्यावर नऊ कॉफ्यांचा तपकिरी रंग आला होता. त्यांनी कप तोंडाला लावला. एक घोट. दुसरा.

"ओर्नेल्ला."

"काय, सासूबाई?"

"आज जमली तुला. बघ, एकतीस वर्षं साबण लावू दिला नाही मी, त्याचं हे फळ."

बाईंनी छताकडे बघितलं. पण योरितनं बोट पाहिलं होतं, त्यामुळं तो केव्हाच उभा राहिला होता.

"हे मी—" तो म्हणाला, तेवढ्यात बाईंनी केकचा अख्खा तुकडा त्याच्या तोंडात कोंबला.

"काय म्हणतोय तो?" आजींनी विचारलं.

"केक आवडला म्हणतोय."

"आणि थरथरतोय का एवढा?"

"कॉफी सोसत नाही त्याला."

आजींनी त्याला खालून वरपर्यंत बघितलं. वेळ लागला, कारण अंतर बरंच होतं.

"लहान आहे अजून," त्या म्हणाल्या. "त्याला दूध दे. आणि ठेवून घे. पोर गरीब दिसतंय."

सोमवारी चावी मिळाली. योरितनं कॉलेजच्या वाटेवर आईला फोन केला.

"पाहिलंस," आई म्हणाली, "कामाला हात लावलास म्हणून."

ते खरंच होतं. आता दर रविवारी जेवण झालं की ओर्नेल्लाबाई, काका आणि आजी यांच्यापुढे कॉफी येते, आणि पूल बांधणाऱ्या योरितपुढे कोमट दुधाचा वाडगा, बिस्कीट बुडवून. गळ्यात रुमाल मात्र आजी स्वतः बांधतात. योरित खाली वाकतो तेव्हा.