काकाजींची भिंत आणि उंबराचं फूल

सुखदेव काकाजींच्या व्हरांड्यात बसून "अमुक गोष्ट कधीच होणार नाही" असं म्हणायची सोय नाही. म्हटलंत की ते उठतात, खिशातला काळा मार्कर काढतात आणि तुमचं वाक्य तुमच्या नावासकट भिंतीवर लिहून टाकतात. पुढेमागे ते खोटं ठरलं, तर तुम्हाला बोलावणं येतं. कारण काकाजींचा नियम एकच, "ज्यानं म्हनलं, त्यानंच येऊन खोडाचं. मी नाई खोडत."

काकाजी कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या प्रयोगासाठी काचेच्या नळ्या धुतल्या. रिटायर झाल्यावर स्वतःचे प्रयोग सुरू केले, आणि प्रयोगाला त्यांना लोकांची बोलणीच सापडली.

माझं घर रत्नागिरीकडे. नववीत शाळा सुटली आणि एका ठेकेदाराबरोबर फरशी बसवायला मी वर्ध्याला आलो. ठेकेदार परत गेला, मी राहिलो. पिपरी मेघेत नवी घरं भराभर उठत होती, फरशीचं काम मिळत होतं, पण अनोळखी माणसाला खोली कोण देणार? काकाजींनी एकच प्रश्न विचारला.

"'जमनार नाई' असं दिवसातून किती वेळा म्हनतं तू?"

मी घाबरून खरं सांगितलं, "बऱ्याचदा."

"मंग राह्य बाबू. भिंत मोठी हाये."

भिंतीवर शेजारच्या राऊतकाकूंची ओळ होती, 'आमचे हे सहाच्या आत उठले तर सूर्य पश्चिमेला उगवेल.' एके दिवशी राऊतकाका साडेपाचला उठले. नळाला पाणी आलं होतं आणि काकू माहेरी, तळेगावला गेल्या होत्या. त्या परतल्या तेव्हा काकाजी मार्कर घेऊन फाटकात उभे.

"अहो काकाजी, पण सूर्य तर पूर्वेलाच उगवला ना?"

"सूर्याचं सूर्य पाह्यन बाई. तुमचे हे उठले का नाई? खोडा."

काकूंनी खोडलं. वर सोबत आणलेले लाडूही द्यावे लागले.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला कोणी म्हणालं, "तुम्हाला पाझर फुटणं म्हणजे दगडाला फुटणं." झालं. काकाजींनी कुठूनसं वाळूच्या दगडाचं जुनं भांडं आणलं, पाणी भरून दुकानासमोर ठेवलं. दुपारपर्यंत ते बाहेरून ओलं झालं. "हे पाहा, दगडाले फुटला. आता तुमची पाळी," असं ते गिऱ्हाइकांदेखत म्हणाले. दुकानदार तेव्हापासून त्यांना पाहिलं की शटर अर्धं ओढतो.

आणि उंबर. नाल्याकडेच्या झाडाची फळं पिकू लागली की काकाजी पिशवी भरून आणतात, ब्लेडनं कापतात आणि येईल त्याच्या डोळ्याला भिंग लावतात. "फूल नाई म्हनते लोक. हे काय हाये मंग?" आत खरोखरच बारीक बारीक फुलं असतात, खसखशीएवढी. पोस्टमन, गॅसवाला, मतदार यादीवाले, सगळ्यांनी ती पाहिली आहेत. कोणी बऱ्याच दिवसांनी दिसला की आपण त्याला उंबराचं फूल म्हणतो ना, तसं काकाजींपुढे म्हणू नये. अर्धा तास जातो.

माझीही ओळ भिंतीवर गेली. 'मी दहावी पास होणं म्हणजे सशाला शिंगं.' लिहून झाल्यावर काकाजी म्हणाले, "ससा मी पाहीन. तू बाहेरून बसाचा सतरा नंबरचा फॉर्म भर." त्यांनीच फॉर्म आणला, बीजगणित शिकवलं. परीक्षेच्या दिवशी मी फाटकातच अडून बसलो, तेव्हा केंद्रापर्यंत सायकल घेऊन सोबत आले. "काऊन भेऊन राह्यला? पेपर चावते का?"

पास झालो. काठावर, पण झालो. मी मार्कर घेऊन ओळ खोडली. काकाजी मात्र भिंतीच्या वरच्या टोकाकडे बघत होते.

तिथं सगळ्यात जुनी ओळ होती. 'उंबराला फूल दिसेल तेव्हाच या दारात येईन. प्रज्ञा.' प्रज्ञा त्यांची मुलगी, नागपूरला असते. गाडीनं दीड तासाचा रस्ता. इतक्या लोकांना फूल दाखवूनही ती ओळ खोडलेली नव्हती, आणि ते काऊन, हे गल्लीत कोणी विचारत नसे. त्या दिवशी मी विचारलं.

"तिनं खोडाचं हाये ते."

"मी फोटो काढून पाठवू? भिंगातून चांगला येईल."

"फोटो नाई बाबू. येऊन पाह्यलं पाह्यजे." मग बराच वेळ मार्करचं टोपण उघडझाप करत राहिले. "आधी मीच बोललतो तिले. तुह्या लग्नाले मी आलो तर सूर्य पश्चिमेले उगवन, म्हनलं. ते कोनी लिहून नाई ठेवलं. लिहिलं असतं, तर जाऊन खोडलं असतं."

त्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली, पोपडे सुटले. मी म्हटलं, काकाजी, मी फरशी लावून देतो. माझ्याकडून तेवढं तरी होऊ द्या. त्यांनी हो म्हटलं, पण पुन्हापुन्हा वर बघत राहिले. खालपासून वरपर्यंत सगळी भिंत भरली. राऊतकाकूंचा सूर्य गेला, माझा ससा गेला. वर मात्र एका फरशीची जागा सोडली, त्या ओळीपुरती, आणि कडेनं सिमेंट नीट दाबून घेतलं, म्हणजे ओल तिथं शिरू नये.

येणारे जाणारे हटकतात, "मिस्त्री, एक राहिली की."

मी म्हणतो, राहू दे. फरशी मापात कापून ठेवली आहे. ती काकाजींनी खिडकीत ठेवली, आणि वर एक भिंग.