सखारामआबांचा उन्हातला टेम्पो

वैशाखात आमच्या उंद्रीत कुत्रंसुद्धा सावली बघून पाय टाकतं. बैल, गाडी, सायकल, माणूस, सगळं कडुलिंबाखाली असतं. सखारामआबांचा टेम्पो तेवढा भर उन्हात उभा असायचा, आणि शेजारी डोक्यावर ओला पंचा टाकून आबा बसलेले. येणारा-जाणारा मायेनं म्हणायचा, "आबा, सावलीत लावा ना गाडी."

"सावली माणसाले असते बे," आबा म्हणायचे. "माह्या टेम्पोले ऊन पाह्यजे."

आबांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. त्यांचा जन्म विजेच्या खांबांवर चढण्यात गेला. निवृत्त झाल्यावर ते म्हणाले, "मी खांबावरून उतरलो, पण अंगातला करंट उतरला नाही." मग त्यांनी चिखलीच्या बाजारातून एक मोडका टेम्पो आणला. आत बाज टाकली, स्टोव्ह ठेवला, पाण्याचा पिंप बांधला, दाराला पडदा लावला. टपावर कृषी प्रदर्शनातून आणलेली सोलर प्लेट बसवली. बाजेखाली ट्रॅक्टरची बॅटरी ठेवली, आणि तिच्याशेजारी एका रेडिओ दुरुस्तीवाल्यानं बनवून दिलेली इन्व्हर्टरची पेटी. ही पेटी माशी अडकल्यासारखी गुणगुणायची. एवढ्या खटाटोपातून एक ट्यूब लागायची आणि एक टेबलफॅन फिरायचा. रेडिओ लावला तर ट्यूब बंद करावी लागे.

गावात वीज होती, पण ती पाहुण्यासारखी यायची आणि चहा न घेता निघून जायची. त्यामुळे आबांचा पंखा बघायला माणसं जमत. आबा समजावून सांगत, "प्लेट म्हणजे वावर. बॅटरी म्हणजे कणगी. अन् इन्व्हर्टर म्हणजे जातं. कणगीत दाणे हायेत म्हणून भाकर होते का बे? दळा लागते!"

बायामाणसांना ते लगेच पटायचं. पुरुष मात्र मान हलवून निघून जायचे आणि वळणावर गेल्यावर हसायचे.

कशाचंही बोलणं निघो, आबांचा पहिला प्रश्न, "लोड किती?" लग्नाचं आमंत्रण आलं की, "लोड किती?" म्हणजे माणसं किती. एकदा माझ्या सासूबाई मला भाकरी करपल्यावरून बोलत होत्या. बराच वेळ चाललं होतं. भिंतीपलीकडून आबांचा आवाज आला, "वहिनी, लोड कमी करा. पोरीचा फ्यूज उडीन." सासूबाईंना हसू आलं आणि माझी सुटका झाली. मी आबांसमोर कधी मान वर करून बोलले नाही, पण त्या दिवशी पदराआड पोटभर हसून घेतलं.

लोक म्हणत, म्हाताऱ्याला वेड लागलं. वेड कशाचं ते मला ठाऊक होतं, कारण आबांची एकुलती एक लेक शांता माझ्या माहेरगावी, साखरखेर्ड्याला दिली होती. लग्नाला अकरा वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता. आणि लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. आबा सकाळी जायचे, लेकीच्या ओट्यावर तासभर बसायचे आणि वेशीबाहेर आल्यावर थैलीतली बाटली तोंडाला लावायचे. आबांची बायको, आमच्या काकू, वारल्यापासून शांताचं माहेरी येणंही बंद झालं होतं. "माय नाही त्या घरी, कोणापाशी राहीन?" असं विहीणबाईंचं म्हणणं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावोगावच्या लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, आणि आबा तेवढे दोन दिवस घराचं दार लावून बसायचे.

सासूबाई एकदा म्हणाल्या, "भाऊजी, आता कोण पाळते हे? प्या की पाणी."

आबांनी डोक्यावरचा पंचा काढून पिळला. मग म्हणाले, "वहिनी, आज तिथं पाणी पेलो, म्हणजे मी आशा सोडली असं पोरीले वाटीन."

तर पाणीही प्यायचं नाही आणि लेकीला भेटून तासाभरात उठायचंही नाही, यासाठी आबांनी चाकांवरचं घर बांधलं होतं. आपल्या घरात बसून आपल्या पिंपातलं पाणी प्यायला कुठली रीत आड येते? या आखाजीला टेम्पो लेकीच्या दारात नेऊन उभा करायचा, असं त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं. मला माहेरी जायचंच होतं, म्हणून सासूबाईंनी आबांबरोबर माझी सोयही लावून दिली.

आखाजीला तीन दिवस राहिले आणि आबांची बॅटरी बसली. पंखा दोन गिरक्या घेऊन थांबे. आबांनी सगळ्या वायरी सोडल्या, पुन्हा जोडल्या, बॅटरीत पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी पेटी मांडीवर घेऊन एसटीनं चिखलीला गेले. रेडिओवाला म्हणाला, पेटीला काही झालेलं नाही. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "पंख्याशिवाय पत्र्याच्या डब्यात पोरीले बसवू का?" असं पुटपुटत ते टेम्पोखाली शिरले.

तेवढ्यात आमच्या अंगणातून सासूबाई ओरडल्या, "सूनबाई, टपावरच्या कुरडया पालथ्या केल्या का?"

आबा टेम्पोखालून बाहेर आले.

खरं सांगायचं तर टेम्पोचा टप आमच्या घराच्या मातीच्या सपाट छताला, धाब्याला, अगदी लागून होता. त्यावरची ती काळी काच स्वच्छ, सपाट आणि तव्यासारखी तापलेली. धुळीत कुरडया कशाला घालायच्या, म्हणून मी जुनं धोतर अंथरून दोन दिवस तिथंच वाळवण घातलं होतं. मला वाटलं, उन्हाला काय, कुरडईला पुरून उरेल.

आबा धाब्यावर आले. कुरडयांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता धरणी फाटावी.

"दोन दिवसाचं ऊन खाल्लं इनं," एक कुरडई उचलून ते म्हणाले. "आता मी इले खाईन." आणि ती कच्चीच कडाकडा चावली. "मीठ कमी हाये, सूनबाई. आता उद्या दिवसभर प्लेटीवर कावळ्याचीबी सावली पडू द्याची नाही. ड्युटी तुह्यी."

दुसऱ्या दिवशी मी डोक्यावर पदर घेऊन, हातात काठी धरून धाब्यावर कावळे हाकत बसले. संध्याकाळी पंखा भरारा फिरला आणि आबांनी खालून शिट्टी मारली.

आखाजीच्या दिवशी टेम्पो शांताच्या दारात उभा राहिला. मी माझ्या माहेरी जेवून दुपारी तिला भेटायला टेम्पोत जाऊन बसले. दारातच उभ्या असलेल्या बापाकडे जायला विहीणबाई नाही कशा म्हणणार? शांता पायरी चढून आत आली आणि तिच्या डोक्यावरचा पदर आपोआप खाली आला. आबांनी स्वतः पुरणपोळ्या केल्या होत्या. पुरण सगळं एका कोपऱ्यात, बाकी नुसती कणीक. शांतानं तीन खाल्ल्या. पंख्यासमोर बाजेवर जरा टेकली, माझ्याशी दोन शब्द बोलली आणि बोलता बोलता झोपली. सासरी दुपारची झोप कुठली? तोंड उघडं टाकून, लहान पोरीसारखी झोपली होती.

आबांनी रेडिओचं बटण हळूच बंद केलं, पडदा ओढला आणि खाली उतरून पायरीशी उभे राहिले. मीही त्यांच्या मागं उतरले.

थोड्या वेळानं घरातून हाक आली, "शांते! अवं शांते, चहा टाक!" पाठोपाठ विहीणबाई उंबऱ्यात आल्या.

आबांनी हात जोडले. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"विहीणबाई, ती घरी नाही. माहेरी गेली हाये. उन्हं उतरली की धाडतो."

विहीणबाईंनी पडद्याकडे पाहिलं. आतून नुसता पंख्याचा आवाज येत होता. त्या वळून आत गेल्या. मग स्वयंपाकघरातून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज यायला लागला.