गहूमुक्त उटणे आणि भागीरथी हत्तीण

बाळांनो, एका जंगलात गहू पिकत नव्हता.

साग होता, पळस होता, करवंदांच्या जाळ्या होत्या. पण गव्हाची एक ओंबीही त्या जंगलाने कधी पाहिली नव्हती. एवढे ध्यानात ठेवा. जंगलातले कोणी ठेवणार नाही.

त्या जंगलात एक लहानसे दगडी देऊळ होते आणि त्या देवळात भागीरथी हत्तिणीची एक सेवा होती. काकडआरती आटोपली की ती सहाणेवर चंदनाचे खोड उगाळी आणि सोंडेच्या टोकाने देवाच्या कपाळी गंध लावी. तिच्या आधी तिची आई लावी, आईच्या आधी आजी. भागीरथीला मंत्र येत नव्हते. सहाणेवर खोड फिरे तसे तिच्या मनात नाम फिरे, एवढीच तिची साधना.

देह थोर, पण कातडी मात्र नाजूक. लहानपणी एकदा आईचा डोळा चुकवून ती जंगलाबाहेरच्या शेतात शिरली आणि गव्हात यथेच्छ लोळली. पुढे आठ दिवस अंगाची नुसती लाही लाही झाली. आई म्हणाली, "बयो, तुला गहू सोसत नाही. त्याच्या वाटेला जाऊ नकोस." भागीरथी पुन्हा गेली नाही. दुखणे तिथेच संपले.

मग एके दिवशी नीलकंठराव मोर शहराकडून परतले. त्यांनी वडाखाली बरण्या मांडल्या. कशात उटणे, कशात गालांची लाली, कशात काजळ. प्रत्येक बरणीवर कागदाची चिठ्ठी होती: 'ग्लुटेन-फ्री. नाजूक त्वचेसाठी.'

"हे ग्लुटेन म्हणजे काय हो?" माकडाने विचारले.

"गव्हातला चिकट अंश. त्वचेचा वैरी."

"पण आपल्याकडे गहू आहे कुठं?"

"हीच तर भीती आहे!" नीलकंठराव म्हणाले. "दिसणाऱ्या वैऱ्याला शिंगावर घेता येतं. जो दिसतच नाही, त्याचं काय कराल?"

सभेच्या अंगावर काटा आला. साळिंदराच्या अंगावर तो जन्मापासूनच होता. पण त्यालाही वाटले, आज जरा जास्तच आला आहे.

"आणि परिणाम पाहायचा असेल, तर हा पाहा. मी रोज हेच लावतो," असे म्हणून नीलकंठरावांनी पिसारा फुलवला. तो पिसारा त्यांना बापाकडून मिळाला होता, हे सर्वांना ठाऊक होते. पण पिसारा समोर फुललेला असताना असल्या गोष्टी कोणाला आठवत नाहीत.

खड्गराव गेंडे सर्वांत आधी पुढे झाले. "माझी त्वचा अतिशय नाजूक आहे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "कोणाला सांगत नाही, इतकंच."

"मग आधी कानामागे थोडं लावून पाहा," नीलकंठराव म्हणाले. "तीन दिवस थांबा."

तीन दिवसांनी खड्गराव सद्गदित होऊन परतले. "काही म्हणजे काही जाणवलं नाही! किती सौम्य!" मागच्या वर्षी त्यांच्या पाठीवर जांभळाचे झाड कोसळले होते, तेव्हाही त्यांना काही जाणवले नव्हते, पण झाडाला कोणी सौम्य म्हटले नव्हते.

पंधरा दिवसांत अवघे जंगल नाजूक झाले. सुसरीने लाली नेली. कासवाने पाठीसाठी उटणे मागितले. 'संवेदनशील त्वचा मंडळ' स्थापन झाले आणि खड्गराव त्याचे अध्यक्ष झाले. ज्याला काहीच होत नव्हते, त्याची चारचौघांत मान खाली जाऊ लागली.

भागीरथी एकदा वडाखाली आली. "नीलकंठराव, यात खरंच गहू नाही ना? मला गव्हाचा त्रास होतो, म्हणून विचारते."

वडाखाली एकच हशा पिकला.

"हत्तीण आणि नाजूक!" सुसर म्हणाली. "अगं बाई, तुझ्या कातडीचे तर नगारे होतील!"

"भागीरथीबाई, संवेदनशीलता ही आतून असावी लागते," खड्गरावांनी समजूत घातली.

भागीरथी देवळाकडे निघून गेली. तिला आता उटणे लावायचे नव्हते. पण उटणे तिच्या मागोमाग देवळात आले.

देवळाचे पुजारी बगळेशास्त्री. नीलकंठरावांनी गंधाची एक मोठी बरणी देवाला अर्पण केली आणि शास्त्रीबुवांच्या चोचीसमोर चार ताजे मासे ठेवले. दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवांनी सहाण उचलून कोपऱ्यात ठेवली.

"बाई, देवाची त्वचा किती कोमल! आणि तुमच्या या चंदनात गहू नाही, असं कुठं लिहिलंय?"

"अहो शास्त्रीबुवा, झाडाचं खोड आहे ते."

"ते दिसतंय. पण लिहिलंय कुठं?"

देवाच्या कपाळी गंध लागल्याशी कारण, असे मनाशी म्हणून भागीरथी रोज सोंडेने बरणी उचलू लागली. चौथ्या दिवशी सोंडेच्या टोकाला आग सुटली. सातव्या दिवशी फोड आले.

"शिव शिव!" बगळेशास्त्री दोन पावले मागे सरले. "हे असलं अंग घेऊन गाभाऱ्यात? अमावास्येपर्यंत बऱ्या झालात तर ठीक. नाहीतर सेवा दुसऱ्याच्या हाती जाईल."

आईची, आजीची सेवा! भागीरथीने बरणीतले गंध पानावर काढून पायाला चोळून पाहिले. त्यात होती नदीकाठची पिवळी माती आणि थोडी तुळस. पायाला काहीच झाले नाही. मग सोंडेलाच आग का? बरणी जिथे धरावी लागे तिथे तिने पुन्हा सोंड लावली आणि झटकन मागे घेतली. तिथे चिठ्ठी होती.

भरदुपारी ती नीलकंठरावांच्या घरामागे गेली. चुलीवर कढई होती आणि कढईत पांढरे, दाट काहीतरी बुडबुडत होते.

"नीलकंठराव, हे काय शिजतंय?"

"खळ आहे. चिठ्ठ्या चिकटवायला."

"कशाची?"

"कशाची म्हणजे? कणकेची. गावातून पोतं आणलंय. डिंकानं चिकटवल्या, तर पहाटेच्या दहिवरात सुटतात हो."

भागीरथीने डोळे मिटून घेतले. ज्या जंगलात कधी गहू नव्हता, त्या जंगलात पहिला गहू आला तो गहूमुक्तीच्या पाठीवर बसून.

"अहो, पण त्या चिठ्ठीवर लिहिलंय काय?"

"गहू नाही म्हणून. आणि ते खरंच आहे!" नीलकंठराव दुखावले गेले. "चिठ्ठी बरणीच्या आतलं सांगते, बाई. बाहेरचं तिला कोणी विचारलेलं नाही."

अमावास्येच्या आदल्या दिवशी सभा भरली. भागीरथीने सोंड पुढे करून फोड दाखवले आणि खळीची सारी हकिगत सांगितली. सभा संतापली. बाळांनो, कोणावर म्हणता? भागीरथीवर.

"इतके दिवस आमचं सगळं सुरळीत चाललं होतं!" सुसर किंचाळली. "हिनं सांगितल्यापासून माझ्या गालांना खाज सुटली आहे!"

"या बाईंनी आमच्या त्वचेचा अपमान केला," खड्गराव म्हणाले. "मी ती बरणी छातीशी धरून झोपतो. मला कुठं फोड आले?"

"मग चिठ्ठ्या काढून टाका," भागीरथी म्हणाली. "माती तर चांगली आहे."

"आणि मग गहूमुक्त कोणती, हे कळणार कसं?" एकाच वेळी दहा आवाज उठले.

नीलकंठरावांनी पंख उंचावून सर्वांना शांत केले. ते न्यायी होते. त्यांनी प्रत्येक बरणीवर दुसरी चिठ्ठी लावण्याचे जाहीर केले: 'पहिल्या चिठ्ठीस स्पर्श करू नये.' ती त्यांनी त्याच खळीने लावली.

अमावास्येला सेवा खड्गरावांकडे गेली. त्यांना ना फोड, ना पुरळ. नाजूक त्वचेला हे गंध मानवते, याचा याहून मोठा पुरावा कोणता? देवाच्या कपाळी आता रोज माती बसे आणि दुपारपर्यंत तिला भेगा पडत. देव काही बोलला नाही. त्याने याहून मोठे भक्त सोसले होते.

भागीरथी आपली सहाण आणि खोड घेऊन नदीकाठी गेली. ती तिथेच चंदन उगाळी आणि एका गुळगुळीत दगडाला गंध लावी. हळूहळू फोड सुकले. एक दिवस नदीतली बेडकी काठावर आली. तिची कातडी इतकी पातळ की ऊनसुद्धा आरपार जाई. पण मंडळात तिला कोणी घेतले नव्हते, कारण ती तक्रार करत नसे.

"भागीरथीकाकू, पाठ भाजतेय गं. थोडं लावतेस?"

भागीरथीने बोटभर गंध तिच्या पाठीला लावले. बेडकीने सुस्कारा सोडला. दुसऱ्या दिवशी ससा आला, मग माकडाची सून आली.

आठव्या दिवशी नीलकंठराव आले. हातात कागद, काखेत खळीचे मडके.

"बाई, शहरात हल्ली असलंच मागतात. काही न लिहिलेलं! मी याला नाव दिलंय, 'चिठ्ठीमुक्त चंदन'. फक्त तसं लिहिलेली एक चिठ्ठी तुमच्या सहाणेला लावू द्या. शास्त्रीबुवांशी बोललोय. उद्यापासून गाभारा पुन्हा तुमचा."

भागीरथीची सोंड थबकली. नदीपलीकडे देवळाची घंटा वाजत होती. आईने याच खोडाने गंध उगाळले होते. एका चिठ्ठीचा तर प्रश्न होता.

मग ती मडक्यातल्या खळीकडे पाहत राहिली आणि काठावर बसलेल्या बेडकीकडे पाहत राहिली.

"नको, नीलकंठराव."

"अहो, सेवा जाईल कायमची!"

"चाललीच आहे की," भागीरथी म्हणाली आणि खोड पुन्हा सहाणेवर फिरू लागले.

नीलकंठराव हळहळत परतले. संध्याकाळपर्यंत जंगलातल्या प्रत्येक बरणीवर तिसरी चिठ्ठी लागली: 'चिठ्ठीमुक्त.' खड्गरावांनी दोन बरण्या नेल्या.

तात्पर्य: बाळांनो, अंगाला काय लावता याची चिंता करू नका, वर काय लिहिले आहे ते नीट वाचून लावा. कातडी गेंड्याची असेल तर नाजूकपणाचे अध्यक्ष व्हा. आणि तुमच्या अंगाची खरोखरच आग होत असेल, तर कृपा करून ओरडू नका. त्या आवाजाचा इतरांच्या संवेदनशील त्वचेला फार त्रास होतो.