जहाजातून सर्वांच्या आधी उतरण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

प्रवास हा मुळात उतरण्यासाठी केला जातो. चढणे ही त्याची नाइलाजाने करावी लागणारी पूर्वतयारी असून मधला भाग कंपनीला भाडे मागायला तोंड असावे म्हणून घातलेला असतो. हे सत्य बऱ्याच प्रवाशांच्या ध्यानात येत नाही, आणि मग ते बापडे समुद्राकडे बघत बसतात.

पहिलेकाकांच्या मात्र ते फार लवकर ध्यानात आले होते. (त्यांचे खरे नाव वेगळे होते. पण कोणी ते विचारीपर्यंत काका पुढे निघून गेलेले असत, त्यामुळे हेच रूढ झाले.) काकांची सगळी नोकरी पोस्टाच्या खिडकीत गेली. रांग नावाची गोष्ट त्यांनी आयुष्यभर काचेच्या आतून पाहिली. एकदा एक म्हातारे गृहस्थ हातात पाकीट घेऊन, तिकीट चिकटवायला जीभसुद्धा ओली करून खिडकीशी पोहोचले आणि नेमकी तेव्हाच वेळ संपली. काकांनी नियमाप्रमाणे खिडकी खाली ओढली. म्हाताऱ्याची जीभ तशीच बाहेर राहिली. काका त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. शेवटचा माणूस होणे काय असते ते त्यांनी पाहिले होते, आणि तो माणूस आपण कधी व्हायचे नाही, असा त्यांनी चंग बांधला.

तेव्हापासून कुठेही गेले तरी गर्दी होण्याआधी काढता पाय घेणे हे त्यांच्या घराचे धोरण झाले. लग्नाला गेले तर नवरानवरीच्या आधी काका आणि काकूच गाडीत जाऊन बसत. नाटकाला गेले तर पडदा पडायच्या सुमारास उठत, कारण पडदा पडला की सगळेच उठतात. याचा परिणाम असा झाला की काकूंना एकाही नाटकाचा शेवट माहीत नाही. त्यांच्या जगात अजून एकही खुनी सापडलेला नाही. एका नाटकातला लहानपणी हरवलेला मुलगा तर काकूंच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून आईच्या दाराबाहेर उभा आहे. आई त्याला ओळखते की नाही या चिंतेने काकूंचा अजूनही अधूनमधून स्वयंपाकात हात थांबतो.

अशा या जोडप्याला लेकीने आणि जावयाने समुद्रपर्यटनाची तिकिटे पाठवली. आठवडाभर मोठ्या जहाजावर राहायचे आणि पलीकडच्या बंदरात उतरायचे. काकूंनी आयुष्यात नवऱ्याकडे फारसे काही मागितले नव्हते. (मागणी पूर्ण ऐकून घ्यायला काका थांबत नसत, हे एक कारण.) पण जहाजावर पाऊल ठेवताना त्यांनी काकांची बाही धरली.

"अहो, या वेळी एक तरी गोष्ट मला शेवटपर्यंत बघायचीय. तुमच्या शेजारी बसून."

काका हो म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले. पुढे जे झाले त्यात त्यांचा खोटेपणा कुठेही नव्हता, हे या ठिकाणी नमूद केले पाहिजे.

झाले असे की केबिनमध्ये कंपनीचे एक माहितीपत्रक ठेवलेले होते. त्यातल्या सूचना तशा शहाण्यासारख्या होत्या. बोट लागत असेल तर पोट रिकामे ठेवू नये. डेकवर रबरी तळव्याच्या चपला घालाव्यात. वाऱ्याकडे तोंड करून थुंकू नये. (ही सूचना अनुभवातून आलेली दिसते.) सगळ्यात शेवटी लिहिले होते, की उतरताना होणारी गर्दी टाळण्यासाठी प्रवाशांनी शक्य तितक्या लवकर दारापाशी यावे.

काकांनी चष्मा पुसून ते वाक्य पुन्हा वाचले. शक्य तितक्या लवकर म्हणजे किती लवकर? आपण या क्षणी जहाजावर आहोत. दार जहाजावर आहे. म्हणजे आत्ता जाणे शक्य आहे. जे आत्ता शक्य आहे ते पुढच्या आठवड्यावर टाकणे म्हणजे सूचनेचे सरळ सरळ उल्लंघन. काका उठले.

दारातून अजून लोक चढत होते. काका त्यांच्याकडे तोंड करून, उतरायच्या पवित्र्यात उभे राहिले. दारावरच्या खलाशाने त्यांना समजावले, की काका, बोट अजून सुटायची आहे.

"सुटू दे," काका म्हणाले. "मला काही घाई नाही."

थोड्या वेळाने एक दातांचे डॉक्टर त्यांच्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी काही विचारले नाही. दुसऱ्याचे तोंड उघडे असतानाच बोलायची त्यांना सवय होती. डॉक्टरांच्या मागे डॉक्टरांची बायको, तिच्या मागे तिची नणंद, नणंदेच्या मागे नुसतेच कोणी कोणी. जहाज धक्क्यापासून सुटेपर्यंत रांग जिन्यापर्यंत आणि किनारा दिसेनासा होईपर्यंत वरच्या मजल्यावर पोहोचली. एका पाहणीनुसार रांगेतल्या शंभरांपैकी साठ जणांना रांग कशाची हे माहीत नव्हते, तीस जणांना ती चहाची वाटत होती, आणि उरलेल्या दहांनी पाहणी करणाऱ्याला मागे जाऊन उभे राहायला सांगितले.

इतकी माणसे एकत्र आली की कायदेकानू लागतात. संस्थापक या नात्याने ते काकांनी केले. पिशवी म्हणजे माणूस नव्हे, सबब पिशवी ठेवून जागा धरता येणार नाही. रुमाल तर नाहीच नाही. नैसर्गिक कारणासाठी जाता येईल, पण पुढच्या आणि मागच्याने कारण नैसर्गिक असल्याची ग्वाही द्यावी. आंघोळ करता येईल, आंघोळ करताना गाता येणार नाही. जेवण एका हातात मावेल तेवढेच घ्यावे. ज्यांना समुद्र बघायची हौस आहे त्यांनी वरून आलेल्या माणसाला विचारावे. (वरून आलेल्या माणसाने "निळाच आहे" असा अहवाल दिला. रांगेत त्यावर समाधान व्यक्त करण्यात आले.)

तिसऱ्या दिवशी धोक्याच्या घंटेची तालीम होती. घंटा झाली की सर्वांनी लाइफ जॅकेट घालून वर होड्यांपाशी जायचे असते. रांग जागची हलली नाही. शेवटी कप्तान स्वतः खाली आले. जहाज खरोखर बुडाले तर काय कराल, असे त्यांनी कळकळीने विचारले. होडीत आधी कोण बसणार, असा काकांनी उलट प्रश्न केला. केबिनच्या नंबराप्रमाणे, असे कप्तान म्हणाले. म्हणजे रांगेत मागे असलेला माणूस केवळ केबिनच्या जोरावर पुढे जाणार. अशा पद्धतीने बुडणे रांगेला मान्य नाही, असा ठराव एकमताने झाला. कप्तानांनी हात टेकले आणि जहाज न बुडवण्याचे आश्वासन देऊन ते वर गेले.

काकू डेकवर बसत. शेजारची आरामखुर्ची त्यांनी काकांसाठी राखून ठेवली होती आणि कोणी बसायला आले की "येतायत ते" म्हणून सांगत. पहिले दोन दिवस लोकांचा विश्वास बसला, पुढे मग लोक काकूंकडे जरा हळू आवाजात बोलू लागले. सूर्य पाण्यात पूर्ण बुडेपर्यंत त्यांनी पाहिला. तो बुडाल्यावरही बराच वेळ आकाशात काय काय चालू असते हे त्यांना नव्यानेच कळले, आणि ते सांगायला शेजारी कोणी नाही याचे त्यांना फार वाईट वाटले. मग त्या चहाचा कप घेऊन खाली रांगेत येत. एकदा त्यांनी डॉल्फिन दिसल्याचे सांगितले.

"किती वेळ दिसले?" काकांनी विचारले.

"जाईपर्यंत."

काकांना यातले काही कळले नाही. चहा मात्र त्यांनी निवायच्या आत संपवला.

शेवटच्या दिवशी दुपारी जहाजावरच्या नाटकमंडळीचा प्रयोग होता. संध्याकाळी बंदर यायचे होते. काकू ठेवणीतले कपडे घालून रांगेच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या आणि "चला" एवढेच म्हणाल्या. काकांनी मागे पाहिले. दातांचे डॉक्टर आठवडाभर त्यांच्या मानेकडे बघत उभे होते, आणि मान एखाद्या दिवशी बाजूला होईल ही आशा त्यांनी सोडलेली नव्हती. पण बायकोवर त्यांचा जीव होता, ही गोष्ट त्यांच्या विरोधकांनीही मान्य केली आहे. नाटक हे नैसर्गिक कारण असल्याची ग्वाही डॉक्टरांनी मोठ्या मनाने दिली आणि काकांचा नंबर आपण जिवापाड सांभाळू असे वचनही दिले. इतरांनाही मग नाटक नैसर्गिक वाटू लागले. अर्धी रांग काकांच्या मागोमाग, नंबराने, नाट्यगृहात शिरली.

नाटक दोन भावांचे होते. एकाच घरात वाढलेले दोघे कशावरून तरी बिनसून वैरी झालेले. धाकटा घर सोडून जातो, तो शेवटच्या अंकात म्हातारा होऊन परत येतो आणि दार वाजवतो. थोरला उठतो. कडीवर हात ठेवतो. बाहेर धाकटा म्हणतो, "दादा, मी आहे." काकूंनी न बघता शेजारी हात पुढे केला. काकांनी तो धरलाही.

तेवढ्यात भोंगा झाला. बंदर दिसू लागले होते.

सगळे नाट्यगृह उठले. काकांचे आधी पाय उठले, मग गुडघे, मग खुद्द काका. हात अजून काकूंच्या हातातच होता.

"बसा ना," काकू म्हणाल्या. "थोडंच राहिलंय."

काका उभ्याउभ्याच घुटमळले. "तू ये मागून," ते म्हणाले. "मी जागा धरतो."

नाट्यगृह रिकामे झाले. रंगमंचावरच्या थोरल्या भावाने कडीवरचा हात काढला आणि तो मिशी सोडवू लागला. दिवे घालवायला आलेल्या नाटकमंडळीच्या मॅनेजरांना मधल्या रांगेत एक बाई बसलेली दिसली. काही हरवले आहे का, असे त्यांनी अदबीने विचारले.

"पुढे काय होतं?" काकूंनी विचारले.

मॅनेजर गोरेमोरे झाले. त्यांनी थोरल्या भावाकडे पाहिले, थोरल्या भावाने हातातल्या मिशीकडे पाहिले.

"बाई, खरं सांगायचं तर शेवट बसवलेलाच नाही," मॅनेजर म्हणाले. "आमच्या वडिलांच्या वेळी होता. पण बघायला कोणी थांबेना. मग तालमीचा त्रास तरी कशाला, म्हणून काढून टाकला. आता सगळ्याच मंडळ्यांनी काढलाय."

इतकी वर्षे दाराबाहेर उभा असलेला तो मुलगा काकूंच्या डोळ्यांसमोर आला. त्याचे कोणीच काही ठरवलेले नव्हते तर.

"मी बसलेय," त्या म्हणाल्या. "लागेल तेवढा वेळ घ्या."

मंडळीची एकच तारांबळ उडाली. मिशी परत चिकटवली गेली. धाकटा भाऊ जागेवर नव्हता. तो भोंग्याबरोबरच उतरायच्या रांगेत जाऊन उभा राहिला होता आणि नंबरही बरा लागला होता. त्याला निरोप गेला, की शेवट बघायला एक बाई थांबल्या आहेत. त्याला आधी ती थट्टा वाटली. खरे आहे हे कळल्यावर त्याने नंबर सोडला, आणि तो धावत जाऊन दाराबाहेर उभा राहिला.

इकडे दातांच्या डॉक्टरांनी वचनाला जागून काकांना त्यांची जागा परत दिली होती. (डॉक्टर नंतर आठवडाभर आजारी होते.) दार उघडले. पहिलेकाका सर्वांत आधी धक्क्यावर उतरले. मागून टाळी ऐकू आली तेव्हा ती आपल्यासाठीच आहे असे त्यांना क्षणभर वाटले. पण टाळी एकाच माणसाची होती आणि वरून, आतून कुठून तरी येत होती.

रांग त्यांना वळसा घालून पुढे गेली आणि टॅक्सीसाठी लागलेल्या दुसऱ्या रांगेला जाऊन मिळाली. काका मात्र बायको येईना म्हणून धक्क्यावरच थांबले. थांबायची सवय नसल्यामुळे त्यांना आपल्या हातांचे काय करावे ते सुचेना. बऱ्याच वेळाने काकू नाटकमंडळीबरोबर खाली आल्या. डोळे रडून लाल झालेले आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हते. असा चेहरा काकांनी इतक्या वर्षांच्या संसारात एकदाही पाहिला नव्हता, आणि आपण तिथे नव्हतो हे त्यांना पहिल्यांदाच खरोखर टोचले.

"काय झालं गं शेवटी?" त्यांनी विचारले. "दार उघडलं का?"

"सांगते," काकू म्हणाल्या. "पण वेळ लागेल. बसावं लागेल." आणि त्या धक्क्यावरच्या एका बाकावर जाऊन बसल्या.

काकांनी टॅक्सीच्या रांगेकडे पाहिले. ती भराभर वाढत होती. मग त्यांनी बाकाकडे पाहिले.

काका बसले की नाही, थोरल्याने दार उघडले की नाही आणि दारात दोघे एकमेकांना काय म्हणाले, हे सगळे प्रस्तुत लेखकाने काकूंकडून ऐकून इथे सविस्तर लिहायचे योजले होते. जागाही ठेवली होती. परंतु उपलब्ध आकडेवारीनुसार इथवर आलेल्या शंभर वाचकांपैकी नव्वदांनी मजकूर किती उरला आहे ते मघाशीच खाली नजर टाकून बघून घेतले आहे, आणि उरलेल्या दहांनी नजर टाकून ती लगेच वर आणली आहे. सबब नाटकमंडळ्यांची प्रथा पाळून शेवट बसवलेला नाही. सावकाश उतरावे. गोष्ट अजून पुरती थांबलेली नाही, पण तुम्ही उठून उभे राहिलाच आहात.